तक्रार करावी, पण नमुन्यासह

कापडाच्या धंद्यात "माल खराब आहे" एवढेच म्हणून भागत नाही. कोणता ताका, कितव्या मीटरवर खोट, हे दाखवले की तक्रार गिरणीपर्यंत पोहोचते. संगणकाच्या दुनियेतही हाच रिवाज आहे, हे अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या आमच्या भाच्याने आम्हांस समजावले.

"मामू, यादी क्रमाने लावायचे कामसुद्धा चुकत होते," तो म्हणाला.

व्यापार-उदिमाचे कित्येक प्रोग्राम जावा भाषेत लिहिलेले असतात. या भाषेसोबत नेहमीच्या कामांची तयार लायब्ररी मिळते. ओपन-जेडीके नावाने ती सर्वांस खुली आहे. कोणीही ती वाचून चूक कळवू शकतो.

त्यातील यादी लावण्याची एक रीत टिम पीटर्स यांनी २००२ साली पायथन भाषेसाठी काढली होती. आधीच क्रमात असलेल्या नोंदींच्या गड्ड्या वेगळ्या करायच्या आणि मग एकमेकींत मिसळायच्या. मिसळायच्या राहिलेल्या गड्ड्यांची नोंद ठरावीक मापाच्या कप्प्यात राहते.

२०१५ साली नेदरलँड्स व जर्मनीतील संशोधक ही रीत बिनचूक असल्याचे सिद्ध करायला बसले, तर उलटच निघाले. पावणेसात कोटींच्या आसपास नोंदींची विशिष्ट यादी दिली की कप्पा अपुरा पडून प्रोग्राम बंद पडे. त्यांनी नुसते गाऱ्हाणे केले नाही. चूक घडवून दाखवणारा छोटा प्रोग्राम आणि दुरुस्तीची सूचनाही दिली.

सांभाळणाऱ्यांनी मात्र सोपा मार्ग धरला. कप्पा ४० चा ४९ केला, मूळ नियम तसाच ठेवला. शिलाई चुकली असताना जादा कापड लावून काय होणार? २०१८ साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखवले की ४९ ही अपुरेच आहेत. तेव्हा कुठे जावाच्या अकराव्या आवृत्तीत नियमच दुरुस्त झाला.

व्यापारी बंधूंनो, आपला बिलाचा प्रोग्राम अडला तर "चालत नाही" म्हणून फोन करू नका. तारीख, कोणते बिल, किती नोंदी, पडद्यावर आलेली ओळ जशीच्या तशी लिहून ठेवा. पुन्हा तेच करून पाहा, पुन्हा अडते का ते टिपा, मगच कळवा. आणि दुरुस्ती करणाऱ्यास जरूर विचारा, कप्पा मोठा केला की चूक काढली?