खुल्या परवान्याची लढाई

पात्रं रंगवत, फासे टाकत मिळून खेळायचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत छापील पुस्तिकांच्या रूपात आला, तेव्हा सोबती शोधायचे ते ओळखीपाळखीतून, दुकानांत नाहीतर मेळाव्यांत. २०१२मध्ये आलेल्या ‘रोल२०’ या संकेतस्थळाने नकाशा आणि फासे ब्राउझरमध्ये आणले, गावात दुसरा खेळाडू नसला तरी डाव मांडता येऊ लागला. २०१५पासून ‘क्रिटिकल रोल’ या कार्यक्रमाचे कलाकार आपला डाव ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर दाखवू लागले.

खेळाडूंच्या या समाजाची खरी ताकद मात्र दिसली जानेवारी २०२३मध्ये. २०००पासूनच्या खुल्या परवान्यामुळे कुणालाही खेळाच्या मूळ नियमांवर स्वतःची साहसकथा रचून विकता येत होती. मालक कंपनी ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ तो परवाना रद्द करून मोठ्या प्रकाशकांकडून रॉयल्टी घेणार, असा मसुदा फुटला. कित्येक छोट्या प्रकाशकांचं पोट त्यावर होतं. खेळाडूंनी कंपनीच्या ‘डी अँड डी बियाँड’ या ऑनलाइन सेवेची वर्गणी रद्द करायचा सपाटा लावला, कंपनीच्याच सर्वेक्षणात हजारोंनी विरोध नोंदवला. एरवी विखुरलेले, टेबलाटेबलापुरते असलेले हे लोक इतक्या झपाट्याने एकवटले, याचं मोल मोठं. महिना सरायच्या आत कंपनीने जुना परवाना कायम ठेवला. शिवाय मूळ नियम ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या सार्वजनिक परवान्याखाली खुले केले. हा दुसरा परवाना कंपनीला मागे घेता येत नाही.