शेजार शोधणारे अ‍ॅप

गेल्या आठवड्यात इफ्तारनंतर माझे तीन विद्यार्थी घरी आले. दोन मुले, एक मुलगी. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून त्यांना मोबाईल अ‍ॅप करायचे आहे. आपल्या परिसरात आज कोणते कार्यक्रम आहेत आणि आपल्यासारखी आवड असलेले कोण जवळपास राहते, हे त्या अ‍ॅपने सांगायचे. माझ्याकडून त्यांना फक्त मराठी आणि उर्दू शब्द तपासून हवे होते.

नोंदणीच्या अर्जावर माझी नजर अडली. नाव, मोबाईल, पूर्ण पत्ता आणि धर्म.

‘‘धर्म कशाला रे?’’

‘‘सर, त्याप्रमाणे कार्यक्रम सुचवता येतील.’’

म्हणजे मला मुशायरा दिसणार आणि शेजारच्या काकांना कीर्तन. काकांना गझलेचे वेड आहे आणि मला कीर्तन ऐकायला आवडते, हे त्या अ‍ॅपला कधी कळणारच नाही. भिंतीपलीकडचा माणूस भेटावा म्हणून अ‍ॅप करायचे आणि त्यातच नवी भिंत बांधायची?

मी त्यांना न्यूयॉर्कची गोष्ट सांगितली. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर तिथे एकमेकांना न ओळखणारे शेजारी बोलू लागले. ते पाहून स्कॉट हायफरमन यांना कल्पना सुचली आणि 2002 मध्ये ‘मीटअप’ सुरू झाले. इंटरनेटचा उपयोग इंटरनेटबाहेर भेटण्यासाठी करायचा, हे त्याचे सूत्र. लोक जमायचे ते आवडीवरून.

मुलीने दुसरा मुद्दा काढला. ‘‘सर, ‘कोण जवळ आहे’ हेच मला नको वाटतं. माझं घर कुठे आहे, हे अनोळखी माणसाला का कळावं?’’

दोन्ही मुले गप्प झाली. मग ठरले, माणसे दाखवायची नाहीत, कार्यक्रम दाखवायचे. तेही वाचनालय, सभागृह अशा सार्वजनिक जागचे. अचूक पत्ता साठवायचाच नाही. ‘जिओहॅश’ पद्धतीत पृथ्वीचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येकाला अक्षरे आणि अंक मिळून एक संकेत दिलेला असतो. पाच चिन्हांचा संकेत साधारण पाच किलोमीटरचा चौकोन दाखवतो. ‘जवळपास’ म्हणायला तेवढे पुरते. ठरलेल्या कामासाठी लागेल तेवढीच माहिती घ्यावी, हे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचेही तत्त्व आहे.

खरी अडचण पुढे आहे. कार्यक्रम नसतील तर लोक येत नाहीत आणि लोक नसतील तर कार्यक्रम कोणी नोंदवत नाही. म्हणून आधी सारे शहर न घेता एकच मोहल्ला घ्या, असे मी सुचवले. वाचनालयाचा फलक, तालमीची भिंत, चहाची टपरी, सगळीकडे पायी फिरा. पहिले वीस कार्यक्रम स्वतःच नोंदवा.

निघताना एक मुलगा म्हणाला, ‘‘सर, आमचा बुद्धिबळाचा डाव रोज साडेसहाला असतो. रमजान लागल्यापासून दोघं येत नाहीत. इफ्तारची वेळ असते, हे आम्हाला सुचलंच नाही. आता हे धर्म न विचारता अ‍ॅपला कसं कळणार?’’

उत्तर मुलीने दिले. ‘‘प्रत्येक तारखेपुढे सूर्यास्ताची वेळ दाखवू. सगळ्यांनाच. गडावर जाणाऱ्यांनाही ती लागतेच की.’’

धर्माचा रकाना त्याच रात्री गेला. बुद्धिबळाचा डाव आता रात्री साडेनऊला बसतो.