शाळेच्या ताटातील अंडे किती सुरक्षित?

बिदर आणि कलबुर्गीसह कर्नाटकातील सात जिल्ह्यांत डिसेंबर २०२१ पासून शालेय माध्यान्ह भोजनात उकडलेले अंडे देण्यास प्रारंभ झाला. अंडे न खाणाऱ्यांना केळे. कुपोषण आणि रक्तक्षय ही त्यामागची कारणे. काही मठाधिपतींनी विरोध केला आणि सारा वाद शाकाहार-मांसाहाराभोवती फिरत राहिला. भालकी, औराद, आळंद परिसरातील मराठी घरांतील मुलेही हेच अंडे खातात. पण ते ताटात येईपर्यंत कोणत्या वाटेने येते, हा प्रश्न मागेच राहिला.

अंड्यातील मुख्य धोका साल्मोनेला या जिवाणूचा. तो कोंबडीच्या विष्ठेतून कवचावर येतो आणि हजारो सूक्ष्म छिद्रांतून आत शिरू शकतो. त्याचा एक प्रकार तर कोंबडीच्या अंडाशयातूनच अंड्यात उतरतो. अशा वेळी कवच कितीही स्वच्छ असो, उपयोग नाही. हजारो पक्षी एका छताखाली असले की एका शेडमधील संसर्ग अनेक गावांत पोहोचतो. अमेरिकेत २०१० मध्ये आयोवातील दोन कंपन्यांना पन्नास कोटींहून अधिक अंडी परत मागवावी लागली, ती यामुळेच.

कलबुर्गीचा पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो. अशा उष्म्यात बलकाभोवतीचा पडदा सैल होतो आणि जिवाणूंना आयते खाद्य मिळते. बलक घट्ट होईपर्यंत उकडल्यास ते मरतात. मात्र सोललेले अंडे तासन्‌तास उघडे ठेवले, तर हाताळणीतून नवा संसर्ग होतो. तडकलेले अंडे वापरूच नये. थंड पाण्याने धुण्याची सवयही घातक, कारण आतील हवा आकसून कवचावरील घाण आत ओढली जाते. पाण्यात तरंगण्याच्या घरगुती परीक्षेतून अंड्याचे वय कळते, संसर्ग नव्हे.

औषधांच्या अवशेषांचे तसे नाही. ते उकडून जात नाहीत. नायट्रोफ्युरान गटातील प्रतिजैविकांना भारतात कुक्कुटपालनात बंदी आहे. तपासणीसाठी त्यांची मर्यादा किलोमागे १ मायक्रोग्रॅम आहे. ही मर्यादा वापराची परवानगी नव्हे, हे अनेकदा विसरले जाते.

युरोपात २०१७ मध्ये अंड्यांत फिप्रोनिल हे कीटकनाशक आढळले, तेव्हा ग्राहकांनी कवचावरील क्रमांक पाहून घरातील अंडी वेगळी काढली. आपल्याकडे, बिदरच्या शाळेत काय किंवा बाहेरून येणाऱ्या अंड्यांवर अवलंबून असलेल्या गोव्यात काय, सुट्या ट्रेमधील अंड्यावर सहसा ना फार्मचे नाव असते, ना तारीख.