जुन्या हत्यारांचा जीर्णोद्धार

घरोघरीं माळ्यावर अगर परसांतल्या खोपटांत एखादें डबडें असतें. त्यांत मूठ निखळलेली सुरी, गंजानें तांबडी झालेली पटाशी, तोंड बोथटलेलें खुरपें अशीं हत्यारें पडून असतात. दिवाळीच्या साफसफाईंत तें डबडें भंगारवाल्याच्या तराजूंत जातें, आणि चार पैसे हातीं आले म्हणून आपण समाधान मानतों. परंतु त्या गंजाखालीं बहुधा उत्तम पोलाद शाबूत असतें. तें पुनः कामास कसें आणावें, व तें करतांना यंत्राऐवजीं हातावर भरंवसा कां ठेवावा, हें या लेखांत सांगावयाचें आहे. ही विद्या मी एका चुकींतून शिकलों.

आमचे आजोबा सुतारकाम करीत. त्यांच्या पेटींत त्यांच्या वडिलांची एक रुंद पटाशी होती. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत तिला धार लावून आजोबांस चकित करावें, असें माझ्या मनांत आलें. ती घेऊन मी जवळच्या एका कारखान्यांत गेलों आणि तेथील विजेच्या सहाणेवर धरली. ठिणग्यांचा पाऊस पडला. अर्ध्या मिनिटांत धार लखलखूं लागली. मात्र तिच्या कडेस मोरपिसासारखी निळी रेघ उमटली. मला ती शोभाच वाटली. आजोबांनीं त्या रेघेवरून अंगठा फिरविला आणि ते एवढेंच म्हणाले, "बाळ, हिचें पाणी उतरलें रे."

हें पाणी म्हणजे काय? लोखंडांत थोडा कार्बन मिसळला कीं त्याचें पोलाद होतें. हत्यारांच्या पोलादांत तो शेंकडा एक भागाच्या आसपास असतो. लोहार असें पोलाद सुमारें ८०० अंश सेंटिग्रेडपर्यंत लाल तापवून पाण्यांत किंवा तेलांत बुडवितो. त्यायोगें तें अतिशय कठीण, पण कांचेसारखें ठिसूळ होतें. म्हणून तें पुनः मंद आंचेवर तापवितात. घासून स्वच्छ केलेल्या पोलादावर २३० अंशांच्या सुमारास वाळल्या गवतासारखा पिवळा रंग येतो. मग तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा. पटाशीस पिवळा रंग पुरे. निळ्यापर्यंत गेलेलें पोलाद स्प्रिंगेस चालतें, पण त्याची धार टिकत नाहीं. विजेची सहाण मिनिटास सुमारें २,८०० फेरे घेते. धारेचा पातळ काठ तिला टेकतांच एवढी उष्णता उत्पन्न होते, कीं ती मागें पसरण्यास अवकाशच मिळत नाहीं, आणि लोहारानें मेहनतीनें दिलेलें पाणी क्षणांत उतरतें. ओल्या दगडावर हातानें घासलेलें पातें मात्र बोटास चटका बसण्याइतकेंहि तापत नाहीं. हाताच्या कामाचें मर्म हेंच होय.

उतरलेलें पाणी धार लावून परत येत नाहीं. तेवढा भाग झिजवून काढावा लागतो. पुढें तीन सायंकाळ मी हातानें फिरविण्याच्या सहाणेची मूठ फिरवीत होतों, आणि आजोबा पटाशी धरून, क्षणाक्षणास पाण्यांत बुडवून, ती निळी कड उतरवीत होते. त्या तीन दिवसांत त्यांनीं जें शिकविलें, तें क्रमानें देतों.

प्रथम नुसतें पाहावें. पात्यावर कारागिराची खूण असेल तर ती घासून घालवूं नये. पुष्कळ जुन्या विलायती हत्यारांवर शेफील्ड शहराचें नांव व 'कास्ट स्टील' हे शब्द आढळतात. त्या गांवाजवळ बेंजामिन हंट्समन यानें १७४० च्या सुमारास मुशींत पोलाद वितळविण्याची रीत बसविली. त्या रीतीच्या पोलादाची ती खूण. कित्येक पटाश्या व रंध्यांचीं पातीं मऊ लोखंडावर पोलादाचा पातळ थर जोडून केलेलीं असतात. घासतां घासतां दोहोंमधील रेघ दिसूं लागते. जुनी तलवार किंवा कट्यार सांपडल्यास तिला हातच लावूं नये. ती जाणत्यास दाखवावी.

मग गंज काढावा. लोखंड, पाणी व हवेंतील प्राणवायु यांच्या संयोगानें गंज होतो. तो मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो, म्हणून त्याचे पापुद्रे सुटतात आणि आंतलें लोखंड पुनः उघडें पडतें. हत्यार रात्रभर घासलेटांत भिजत ठेवावें. भांडें चुलीपासून दूर असावें. सकाळीं विटकरीची वस्त्रगाळ पूड व नारळाची शेंडी घेऊन घासावें. विळीसारख्या स्वयंपाकाच्या हत्यारास घासलेटाऐवजीं चिंचेचा कोळ लावावा. त्यांतील आम्ल गंज विरघळवितें. पण अर्ध्या तासाहून अधिक ठेवल्यास तें चांगल्या लोखंडासहि खाऊं लागतें. नंतर राखेच्या पाण्यानें धुऊन, तत्काळ कोरडें करून, तेलाचा हात फिरवावा.

तिसरें काम धारेचें. पटाशीची पाठ आधीं सपाट दगडावर घासून आरशासारखी करावी; कारण पाठीवर गंजाचे खड्डे राहिले तर धारेस खांडे पडतात. नंतर उताराकडे वळावें. उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट ठेवावी, असा आजोबांचा नियम. मीं तो वहींत काढून पाहिला. ज्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण एका बाजूच्या दुप्पट असतो, त्यांत त्या बाजूसमोरील कोन ३० अंशांचा असतो. पटाशीस तोच कोन मानवतो! भूमितीचा सिद्धांत सुताराच्या अंगठ्यांत मुरलेला पाहून मला मोठें नवल वाटलें.

दगड प्रथम खरबरीत व मग बारीक घ्यावा. आपल्याकडील शिकलगार कुरुंदाची पूड लाखेंत मिसळून सहाण करीत, आणि ती चामड्याच्या वादीनें पुढेंमागें फिरवीत. कुरुंद कठीणपणांत हिऱ्याच्या खालोखाल मोडतो. इंग्रजींतील 'कोरंडम' हें त्याचें नांव आपल्याच देशांतून गेलें आहे. घासतां घासतां धारेच्या उलट बाजूस केसासारखी बारीक कड वळते, ती बोटास लागते. तशी कड सबंध रुंदीभर लागली, म्हणजे दगड धारेपर्यंत पोंचला असें समजावें. मग पाठ एकदोनदां सपाट दगडावर ओढून ती कड मोडावी, आणि शेवटीं चामड्याच्या पट्ट्यावर धार मागें ओढीत पुसून घ्यावी.

शेवटीं मूठ. बाभळीचें लांकूड चिवट असल्यामुळें मुठीस उत्तम. तें पुरें वाळलेलें असावें. ओल्या लांकडाची मूठ पुढें आकसते व ढिली पडते. तोंडाशीं लोखंडी शेंबी बसविली म्हणजे ठोक्यानें लांकूड फाटत नाहीं. वरून जवसाच्या तेलाचे दोन हात द्यावेत.

तिसऱ्या सायंकाळीं पटाशी पूर्ववत् झाली. मात्र तिची लांबी दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी भरली. आजोबा म्हणाले, "नीट वापरली असती, तर एवढें पोलाद झिजायला कित्येक वर्षें लागलीं असतीं. माझ्या वडिलांना ती पुरली, मला पुरली. तुला किती पुरेल, तें आतां तुझ्या हातांत आहे." त्यांचा हात आतां कांपतो. त्यांनीं ती परत पेटींत ठेविली नाहीं, माझ्यापुढें केली.

विद्यार्थिमित्रहो, भंगारवाल्याची हांक ऐकूं आली, कीं आपल्या माळ्यावरचें डबडें एकदां खालीं काढून पाहा. त्यांतील प्रत्येक पात्यांत ठराविकच पोलाद आहे. वडील मंडळींनीं तें जपून खर्चिलें म्हणून आपल्यापर्यंत पोंचलें. उतावळ्या अर्ध्या मिनिटाची किंमत काय असते, हें मीं फूटपट्टीनें मोजलें आहे.