डिकीतला जनरेटर

लग्नाची वरात तुम्ही पाहिली असेल. पुढे बँड वाजतो. दोन्ही बाजूंनी दिव्यांची रोषणाई चालते. सर्वांत मागे एका हातगाडीवर धडधड करणारे यंत्र येते. त्या यंत्राची लांब तार सगळ्या दिव्यांना जोडलेली असते. हे यंत्र म्हणजे जनरेटर. त्यात पेट्रोल किंवा डिझेल जळते, इंजिन फिरते आणि त्या फिरण्यातून वीज तयार होते.

आता रस्त्यांवर विजेच्या मोटारीही धावू लागल्या आहेत. त्यांच्यात पेट्रोलची टाकी नसते, मोठी बॅटरी असते. बॅटरी एकदा पूर्ण भरली की गाडी जेवढे अंतर जाते, त्याला गाडीचा पल्ला म्हणतात. पल्ला संपला आणि जवळपास चार्जिंगची सोय नसली, तर गाडी जागेवर उभी राहते. मे २०१७ मध्ये नागपूर शहरात टॅक्सी, रिक्षा अशी मिळून सुमारे २०० विजेची वाहने सुरू झाली. तेव्हा चार्जिंगच्या जागा थोड्या होत्या. चालकांना तासन्‌तास रांगेत थांबावे लागले.

अशा वेळी मनात सहज एक विचार येतो. वरातीबरोबर जनरेटर चालतो, तर विजेच्या मोटारीच्या डिकीत तो का ठेवू नये? बॅटरी संपत आली की जनरेटर सुरू करावा आणि पुढे निघावे! विचार हुशारीचा वाटतो. पण आधी हिशेब करून पाहू.

पुण्याजवळ रांजणगावला तयार होणारी एक विजेची मोटार जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. तिच्या बॅटरीत सुमारे ३० युनिट वीज मावत असे. युनिट हा शब्द तुम्ही घरच्या वीजबिलावर वाचला असेल. तेच हे युनिट. एवढ्या विजेवर ती गाडी रोजच्या वापरात साधारण २०० किलोमीटर जाते. म्हणजे एका युनिटला सुमारे साडेसहा किलोमीटर.

हाताने उचलता येणारा जनरेटर साधारण २ किलोवॉटचा असतो. तो तासाभरात २ युनिट वीज देतो. त्यासाठी सुमारे एक लिटर पेट्रोल जळते. बॅटरी भरताना थोडी वीज वाया जाते. उरलेल्या विजेवर गाडी जेमतेम १२ किलोमीटर जाईल. तेवढ्याच आकाराची पेट्रोलची मोटार एका लिटरमध्ये पंधरा-सोळा किलोमीटर जाते. मग फायदा कोठे झाला?

आता वेगाचा हिशेब पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने चालणाऱ्या गाडीला एका तासात सुमारे ९ युनिट वीज लागते. जनरेटर देतो फक्त २. घागरीला मोठे भोक असावे आणि आपण वाटीवाटीने पाणी ओतत राहावे, तसे हे होते. पुरेशी वीज देणारा जनरेटर आणावा, तर त्याचे वजन शंभर किलोहून अधिक भरते.

हे असे का होते? जनरेटर शक्ती निर्माण करत नाही. तो पेट्रोलमधील शक्तीचे रूप बदलतो. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट इतकी उष्णता असते. लहान जनरेटरमधून त्यातील २ युनिट विजेच्या रूपाने बाहेर पडतात. बाकीची शक्ती बहुतेक उष्णता होऊन धुराबरोबर निघून जाते. शक्तीचे रूप जितक्या वेळा बदलावे, तितक्या वेळा तिचा काही भाग हातून निसटतो.

आणखीही अडचणी आहेत. चार्जिंगची तार जोडलेली असताना विजेची मोटार जागची हलतच नाही, कारण तिची रचनाच तशी केलेली असते. शिवाय विजेला नीट अर्थिंग मिळाले नाही, तर पुष्कळ चार्जर सुरूच होत नाहीत.

सर्वांत मोठा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा सुमारे दोनशे पट अधिक सहजपणे चिकटतो. मग शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. नंतर गुंगी येते आणि झोपेतच माणसाचा प्राण जातो. म्हणून गाडीच्या डिकीत, बंद खोलीत, दुकानात किंवा जिन्याखाली जनरेटर कधीही चालवू नये. तो उघड्यावर, दारेखिडक्यांपासून दूर ठेवावा. ही गोष्ट घरी सर्वांना सांगा.

मग जनरेटरवर गाडी चालवण्याची कल्पनाच चुकीची आहे का? तसे नाही. १९०० साली ऑस्ट्रियात फर्डिनांड पोर्शे यांनी अशी मोटार बनवली होती. तिच्यातील पेट्रोल इंजिने वीज तयार करत आणि चाके विजेवर फिरत. डिझेलवर चालणारे रेल्वे इंजिन हेही याच प्रकारचे. त्याचे डिझेल इंजिन जनरेटर फिरवते आणि त्या विजेवर चालणाऱ्या मोटरी चाके फिरवतात. वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून बनलेली २६०० अश्वशक्तीची डिझेल इंजिने अशीच होती. २०१३ मध्ये जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने विजेच्या मोटारीत ६४७ सीसीचे छोटे इंजिन आणि ९ लिटरची टाकी बसवून दिली. त्यामुळे गाडीचे वजन सुमारे १२० किलोने वाढले. पुढे बॅटऱ्या मोठ्या झाल्या आणि २०१८ मध्ये कंपनीने युरोपात ते इंजिन देणे बंद केले.

या सर्व गाड्यांत जनरेटर मुळापासून गाडीचाच भाग होता. त्याची शक्ती गाडीला शोभेल एवढी होती. धूर बाहेर जाण्याची वाटही ठरलेली होती. डिकीत आणून ठेवलेल्या यंत्राला हे साधत नाही.

भंडाऱ्याहून नागपूर सुमारे ६० किलोमीटर आहे. जाऊन-येऊन १२० किलोमीटर झाले. रात्री घरी नीट अर्थिंग असलेल्या प्लगवर बॅटरी भरली, तर एवढा प्रवास सहज होतो. अमरावतीला जायचे असेल, तर वाटेत चार्जिंग कोठे मिळेल हे निघण्यापूर्वी पाहून ठेवावे. वेगही आवरता घ्यावा. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने गेल्यास हवेचा विरोध जवळजवळ पावणेदोन पट होतो आणि पल्ला घटतो.

नवी युक्ती सुचणे ही चांगली गोष्ट आहे. पण ती करून पाहण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन दोन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. यात शक्ती किती येते आणि किती जाते? यात कोणाच्या जिवाला धोका तर नाही ना? हे दोन प्रश्न विचारण्याची सवय ज्याला लागली, त्याला विज्ञानाची खरी वाट सापडली असे समजावे.