जनगणनेच्या वह्यांतून दुर्मिळ आडनावाचा माग

इंग्लंड आणि वेल्समध्ये १८०१ पासून, १९४१चा अपवाद सोडला तर, दर दहा वर्षांनी जनगणना होत आली आहे. पहिल्या चार गणनांत मुख्यतः डोकी मोजली गेली. घरातल्या प्रत्येकाचं नाव देशभर लिहून घ्यायला सुरुवात झाली ती ६ जून १८४१च्या गणनेपासून. आडनावांचा शोध घेणाऱ्यांची वाट म्हणून तिथपर्यंत जाते. ती चालायची मात्र उलटी, अलीकडून मागे. नोंदी शंभर वर्षांनीच खुल्या होतात, त्यामुळे १९२१ची गणना २०२२ मध्ये लोकांसमोर आली. १९३१च्या नोंदी १९४२ मध्ये आगीत जळाल्या आणि १९४१ मध्ये युद्धामुळे गणनाच झाली नाही. १९२१नंतरची ही पोकळी थोडीफार भरून निघते ती सप्टेंबर १९३९च्या राष्ट्रीय नोंदवहीने.

आडनाव दुर्मिळ असलं की एक मोठी सोय होते. स्मिथ किंवा जोन्स आडनावाची हजारो घरं चाळूनही आपलं घर कोणतं ते ठरत नाही. दुर्मिळ आडनावाची देशभरातली प्रत्येक नोंद गोळा करून कुटुंबं एकमेकांना जोडता येतात. असा एकाच आडनावाचा अभ्यास करणाऱ्यांची ब्रिटनमध्ये १९७९ पासून संघटनाही आहे. ‘गॉकरॉजर’ हे अशांपैकीच एक आडनाव. यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सजवळच्या सोवर्बी भागातल्या एका छोट्या ठिकाणावरून ते पडलं.

अडचण येते ती स्पेलिंगची, आणि तिचं मूळ गणनेच्या पद्धतीतच आहे. कुटुंबप्रमुखाने घरी आलेला तक्ता भरायचा, लिहिता येत नसेल तर प्रगणकाने विचारून भरायचा आणि मग सगळे तक्ते आपल्या वहीत उतरवून काढायचे, अशी रीत होती. १८४१ ते १९०१ या काळातले मूळ तक्ते जवळजवळ सगळे नष्ट झाले. आज वाचायला मिळते ती प्रगणकाची नक्कल, म्हणजे त्याच्या कानाला जे ऐकू आलं आणि हाताने जे उतरवलं ते. त्यावर कचेरीतल्या कारकुनांनी मोजदाद करताना मारलेल्या रेघा कित्येकदा वयाच्या आकड्यावरूनच गेलेल्या असतात. पुढे संगणकासाठी नोंदी उतरवताना चुकांची आणखी एक फेरी होते. १९११ पासून मात्र कुटुंबप्रमुखाच्या अक्षरातले तक्तेच जपले गेले आहेत.

‘गॉकरॉजर’ म्हणूनच कुठे मधे ‘डी’ घेऊन येतं, तर कुठे पहिल्या ‘जी’च्या जागी ‘सी’ येऊन ‘कॉर्करॉजर’ होतं. उच्चारसाम्यावरून नावं शोधण्यासाठी अमेरिकेत १९१८ मध्ये पेटंट घेतलेली साउंडेक्स पद्धतही इथे हात टेकते. या तीन रूपांना तिच्यात अनुक्रमे जी-२६२, जी-२६३ आणि सी-६२६ असे तीन वेगळे संकेत मिळतात.

यावर खरा उपाय एकच, आडनावाचा हट्ट सोडून घराचा माग काढायचा. १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी असलेलं नातं, नेमकं वय आणि जन्माचा पॅरिश या गोष्टी लिहिल्या जाऊ लागल्या. नवरा-बायको आणि तीन-चार मुलांची नावं, त्यांची वयं आणि जन्मगाव जुळत असेल, तर आडनाव कसंही लिहिलेलं असो, घर तेच. १८४१ची वयं मात्र सांभाळून वाचावीत. पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचच्या पटीत खाली आणायची सूचना होती, त्यामुळे चोवीस वर्षांचा माणूस वहीत वीसचा दिसतो. जन्मस्थळाबाबतही त्याच परगण्यातला आहे की नाही, एवढंच साधारणपणे कळतं.

मध्येच घर गायब झालं, तर जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे आणि त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या नोंदवह्या आहेत. कधी कुटुंब परदेशी गेलेलं असतं, कधी फक्त मुलीच उरलेल्या असतात. पुरुषवंशाने चालणारी आडनावं का लोपतात, हा प्रश्न फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७३ मध्ये गणितज्ञांसमोर मांडला होता. हेन्री वॉटसन यांनी त्याची मांडणी केली आणि त्यातून संभाव्यताशास्त्राची एक शाखाच उभी राहिली.

भारतात हा रस्ता बंद आहे. १९४८च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार व्यक्तिगत नोंदी पाहायला मिळत नाहीत. मराठी घराण्यांचा शोध त्यामुळे महसुली दफ्तरांकडे आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांकडे वळतो. तिथे गाव आणि आडनाव सांगितलं की यात्रेला येऊन गेलेल्या पूर्वजांच्या नोंदी शोधता येतात.