गुपित ठेवावे, कसब सांगावे

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या दिवाळीत माझे मामा सैन्यातील सतरा वर्षांची नोकरी संपवून तोरणमाळला परत आले. महिन्याभराने शहाद्याच्या बाजूला एका संस्थेत तपासणीसाची जागा निघाली. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, तेव्हा अर्ज लिहायचे काम माझ्याकडे आले. नाव, गाव, जन्मतारीख, शिक्षण हे सारे भरून झाले. पुढे रकाना होता, ‘पूर्वीच्या कामाचा अनुभव’. मी पेन उचलून मामांकडे पाहिले. ते म्हणाले, “तेवढं कोरं सोड.”

सतरा वर्षे काम केलेल्या माणसाने अनुभवाचा रकाना कोरा का सोडावा? मामा लष्कराच्या गुप्तवार्ता विभागात होते, एवढेच आम्हांला ठाऊक. त्या कोऱ्या रकान्यामुळे मी हा विषय वाचायला घेतला. जे समजले ते वाचकांपुढे ठेवते, कारण आपल्या भागातील मुले आता सैन्यात जाऊ लागली आहेत आणि कधीतरी तीही अशीच परत येणार आहेत.

हे काम म्हणजे काय?

गुप्तवार्ता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातला हेर येतो. काळा चष्मा, खोटी दाढी आणि हातात पिस्तूल. प्रत्यक्षातले बहुतेक काम मेजावर बसून, कागद आणि नकाशे समोर ठेवून होते. या कामाचे शिक्षण देणारी लष्कराची संस्था आपल्या पुण्यातच आहे. कामाचे टप्पे ठरलेले असतात. काय जाणून घ्यायचे ते अधिकारी आधी ठरवतात. मग माहिती गोळा होते, तिची छाननी होते, अर्थ लावला जातो आणि शेवटी ज्याला तिची गरज आहे त्याच्याकडे ती वेळेवर पोचवली जाते. विमानातून किंवा उपग्रहातून घेतलेली छायाचित्रे वाचणे, परभाषेतील मजकूर समजून घेणे, आपल्याच छावणीतील कागद आणि माणसे सुरक्षित आहेत की नाहीत हे पाहणे, ही सारी कामे यात येतात.

यातील छाननी मला सर्वांत महत्त्वाची वाटली. अनेक देशांच्या सैन्यांत एक पद्धत आहे. माहिती देणारा किती विश्वासाचा, यासाठी ए ते एफ अशी अक्षरे असतात, आणि ती माहिती स्वतः किती खरी, यासाठी 1 ते 6 असे आकडे. दोन्हींचा विचार वेगवेगळा करायचा. चांगला माणूसही चुकीची बातमी आणू शकतो आणि लबाड माणूसही कधी खरे बोलून जातो. समजा, सीताखाईकडे बिबट्या आला अशी बातमी बाजारात पसरली. गुराख्याने पंजाचे ठसे स्वतः पाहिले असतील तर त्याची किंमत वेगळी. जीपवाल्याने शहाद्यात कुणाकडून ऐकले असेल तर त्याची किंमत वेगळी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही तीन हेरांच्या सांगण्यात मेळ बसला तर ती वार्ता खरी धरावी असा नियम आहे. म्हणजे हे शास्त्र नवीन नाही.

अडचण कोठे आहे?

सैन्यातून गाडी चालवणारा परत आला तर तो सांगतो, मी ड्रायव्हर होतो. स्वयंपाकी सांगतो, मी लंगरात होतो. गुप्तवार्तेतल्या माणसाला तेवढे सांगून भागत नाही, आणि जास्त सांगता येत नाही. 1923 चा शासकीय गुपिते अधिनियम आजही लागू आहे. नोकरीत असताना हाती आलेली गुप्त माहिती नोकरी सुटल्यावर उघड केली, तरी तो गुन्हाच ठरतो आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हेरगिरीच्या गंभीर प्रकारात ही शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाते. कायद्याच्या पलीकडे सवयही असते. वर्षानुवर्षे गप्प राहिलेला माणूस जे बोलायला हरकत नाही तेही बोलत नाही.

ही अडचण एकट्या आपल्या देशातील नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे हजारो माणसे जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडण्याचे काम करीत होती. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. 1945 मध्ये युद्ध संपले आणि सारे घरोघर गेले, पण 1974 मध्ये त्या कामावर पुस्तक प्रसिद्ध होईपर्यंत त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. कित्येकांनी नवऱ्याला किंवा बायकोलाही सांगितले नव्हते. तरी त्यांचे पुढचे आयुष्य अडले नाही. तेथे काम केलेले रॉय जेन्किन्स पुढे ब्रिटनचे गृहमंत्री झाले. पीटर बेनेन्सन वकील झाले आणि 1961 मध्ये त्यांनी ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेचा पाया घातला.

आपल्याकडचे उदाहरण

मराठी मुलखातले उदाहरण शोधताना मला मनोहर माळगावकर यांचे नाव सापडले. त्यांचा जन्म 1913 चा. बेळगावपासून फार दूर नसलेल्या, उत्तर कन्नड जिल्ह्यातील जगलबेट येथे ते राहत. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा लाइट इन्फन्ट्रीत अधिकारी झाले आणि लष्कराच्या प्रतिगुप्तवार्ता विभागात, म्हणजे शत्रूच्या हेरांना पायबंद घालणाऱ्या विभागात, त्यांनी काम केले. लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यावर पोचून 1952 मध्ये ते सैन्यातून बाहेर पडले.

पुढे त्यांनी खाणीचा धंदा केला, शेती केली, लोकसभेची निवडणूक लढवून ती हरले. अखेर त्यांचे नाव झाले ते लेखक म्हणून. इंग्रजीत लिहिलेले कान्होजी आंग्रे यांचे चरित्र 1959 मध्ये आले. सैनिकी जीवनावरची ‘डिस्टंट ड्रम’ ही कादंबरी 1960 मध्ये, तर फाळणीवरची ‘अ बेंड इन द गँजेस’ 1964 मध्ये. गांधीजींच्या खुनाच्या कटावरचे पुस्तक 1978 मध्ये निघाले. त्यासाठी त्यांनी शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना गाठून बोलते केले आणि तपासाचे कागद वाचले. 2010 मध्ये ते वारले.

येथे एक गोष्ट ध्यानात येते. कागद शोधणे, माणसाला बोलते करणे, एकाचे म्हणणे दुसऱ्याशी ताडून पाहणे, हे चरित्रकारालाही लागते आणि गुप्तवार्तेतल्या अधिकाऱ्यालाही लागते. गुप्त असते ती माहिती. ती मिळवण्याचे आणि पारखण्याचे कसब गुप्त नसते, ते माणसाबरोबर घरी येते.

उघडी असलेली दारे

माळगावकर अधिकारी होते, शिकलेले होते. साध्या हवालदाराचे काय? शिपायाला पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन मिळते, म्हणजे पस्तिशी-चाळिशीतच तो घरी येतो. मुले शाळेत असतात आणि अर्धे आयुष्य पुढे असते.

त्यासाठी काही सोयी आहेत. संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीपूर्वीच निरनिराळे अभ्यासक्रम चालवते. राज्यात सैनिक कल्याण विभाग आणि त्याची जिल्हा कार्यालये आहेत, तसेच माजी सैनिकांचे ‘मेस्को’ हे महामंडळ आहे. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि गट ड मधील जागांत माजी सैनिकांसाठी पंधरा टक्के आणि केंद्राच्या गट क मध्ये दहा टक्के आरक्षण आहे. आणखी एक नियम वाचून मला विशेष वाटले. मॅट्रिक झालेल्या आणि लष्कराचे विशेष शिक्षण प्रमाणपत्र असलेल्या जवानाची पंधरा वर्षे नोकरी झाली असेल, तर केंद्राच्या गट क मधील ज्या राखीव जागांना पदवी लागते पण तांत्रिक अनुभव लागत नाही, अशा जागांसाठी त्याला पात्र धरता येते. म्हणजे ज्या पदवीसाठी मी तीन वर्षे धडपडते आहे, तिच्या तोडीचे काहीतरी मामांच्या पेटीत पडून होते आणि आम्हां दोघांनाही ते ठाऊक नव्हते.

दारे उघडी असली तरी आत जाताना बोलावे लागतेच. विमा कंपनीला दाव्यांची चौकशी करणारा माणूस हवा असतो, बँकेला कर्जदाराची माहिती पडताळणारा हवा असतो. आपत्ती निवारणाला येणाऱ्या बातम्यांतून खरी निवडणारा आणि वनखात्याला उपग्रहाच्या चित्रावरून वणवा ओळखणारा लागतो. शिवाय आपल्या भागात पावरी, भिलोरी, अहिराणी, मराठी आणि हिंदी कानावर पडत माणूस मोठा होतो. हेही भांडवलच आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. लष्करात शंका घेणे हे कर्तव्य असते, पण शेजाऱ्यावर आणि सहकाऱ्यावर तशीच शंका घेत राहिले तर संसार चालत नाही. मामा अजूनही ओट्यावर भिंतीला पाठ लावूनच बसतात आणि अनोळखी गाडी दिसली की तिचा नंबर मनात टिपतात. आजी म्हणते, “आता घरी आलास, जरा मोकळा बस.” ही सवय हळूहळू सुटेल, असे मला वाटते.

तो रकाना

हे सर्व वाचून झाल्यावर मी पुन्हा अर्ज घेऊन बसले. म्हटले, “मामा, कुठे होता, कुणाबद्दल होतं, काय सापडलं, यातलं काहीच मला सांगू नका. हाताने काय करत होता, तेवढंच सांगा.” ते बराच वेळ गप्प होते. मग एकेक शब्द तोलून सांगू लागले आणि मी लिहीत गेले. नोंदी ठेवणे, दोन ठिकाणची माहिती ताडून पाहणे, नकाशा वाचणे, थोडक्यात अहवाल लिहिणे, सहा माणसांच्या तुकडीवर देखरेख, चार भाषांचे ज्ञान. रकाना भरला, शेवटी जागा अपुरी पडली.

मामांनी तो कागद दोनदा वाचला. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “ही काढ.” मी का म्हणून विचारले नाही, ती खोडली. बाकीच्या ओळींखाली त्यांनी सही केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते स्वतः अर्ज द्यायला शहाद्याला गेले.